बावीस नंबरचं हसू

१

“सत्य हे दातासारखं असतं! हिरडीखाली किती का दडेना, एक ना एक दिवस ते वर येतंच येतं!”

मामांनी ही घोषणा ज्या थाटात केली, त्या थाटाला समोरच्यांनी उठून उभं राहायला हवं होतं. मामा निवृत्त न्यायाधीश होते आणि असल्या वाक्यांवर त्यांनी उभी कारकीर्द काढली होती. अडचण एवढीच होती की त्यांची स्वतःची कवळी या वेळी पॉलिशला दिलेली, आणि पॉलिश होऊन समोरच्या वाटीत पाण्यात पहुडलेली होती. त्यामुळे जमलेल्यांना ऐकू आलं ते असं : “फत्य हे दाताफारखं अफतं!”

“मामा, आधी दात लावा,” भाची म्हणाली. “मग सत्य.”

मामांनी वाटीत हात घातला, दात बसवले आणि सत्य पुन्हा एकदा सांगितलं. पण दुसऱ्यांदा सांगितलेल्या सत्यात तो दम नसतो. साक्षीदारांच्या बाबतीत त्यांना हे चांगलं ठाऊक होतं.

हे सगळं चाललं होतं त्यांच्या मेहुण्यांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एकच लांबट खोली. एका बाजूला भिंतभर लाकडी मांडणी, तिला कबुतरखान्यासारखे चौकोनी खण, प्रत्येक खणावर पितळी नंबर आणि जवळजवळ प्रत्येक खणात एका गिऱ्हाइकाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे, गावातली सगळी माणसं आपल्याकडे बघून हसताहेत. मेहुणे कवळ्या बनवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची बहीण, म्हणजे भाचीची आत्या, दाराशी स्टुलावर बसून गिऱ्हाइकं बघत असे. मुलगी, म्हणजे मामांची भाची, दुसरीकडे कॉम्प्युटरची नोकरी करी आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांचा कारभार सांभाळी. लहानपणी ती येणाऱ्याजाणाऱ्याला टिचक्या मारी, म्हणून घरात तिचं नाव टिचकी. आता ती त्याच बोटांनी कीबोर्ड बडवत असे.

मामा आल्या आल्या खिडकीजवळच्या, उन्हातल्या, गादीच्या खुर्चीत बसले होते. खुर्ची जराशी ऊबदार लागली. थंडीच्या सकाळी हा सन्मानच, असं समजून ते आणखी ऐसपैस बसले.

“काय झालंय ते नीट सांगा,” ते म्हणाले.

“व्हायचं काय?” मास्तर खिसे चाचपत म्हणाले. “मी संपलो. येत्या शनिवारी शटर खाली ओढणार, ते परत वर नाही.”

आणि ते कोपऱ्यात जाऊन कपाटाचे खण उघडून बघू लागले.

“काय शोधताय, भाऊजी?”

“मेण! गुलाबी मेणाचा पत्रा. आत्ता हातात होता. बघा, हेही आठवत नाही. आणि तुम्ही विचारताय काय झालंय!”

२

झालं होतं ते असं. बोटीच्या धक्क्यावर एक निवेदक होते. ‘पलीकडच्या काठाला जाणारी बोट थोड्याच वेळात सुटेल’ हे वाक्य ते असं म्हणत, की ज्यांना कुठेच जायचं नाही तेही तिकीट काढत. त्यांची कवळी पाण्यात पडली. जुन्या साच्यावरून नवी बनवून घेतली. ती लावून काल ते माइकसमोर उभे राहिले आणि ‘सावकाश’ म्हणायला गेले, तर त्यातल्या ‘स’ची अशी खणखणीत शिटी निघाली की बोटवाल्याला वाटलं, सुटायचा इशारा झाला. बोट सुटली. निम्मे प्रवासी धक्क्यावर, त्यांचं सामान बोटीत.

कवळी दुसऱ्याच कुणाची तरी होती.

निवेदक आता बाहेरच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून बसले होते, आणि ती कवळी डबीत मामांच्या समोर होती.

“इतकी वर्षं एकाचे दात दुसऱ्याला दिले नाहीत मी,” मास्तर म्हणाले. “आता दिले. म्हणजे डोकं गेलं. उद्या कुणाच्या तोंडात काय बसवीन, देव जाणे. त्यापेक्षा बंद केलेलं बरं.”

टिचकीचा चेहरा उतरला. ती मामांच्या कानाशी वाकली. “मामा, आई गेल्यापासून बाबांना या खोलीशिवाय दुसरं काही नाही. हे बंद झालं तर ते बसून राहतील. चूक त्यांची नाही एवढं सिद्ध करा. माझी निघाली तरी चालेल.”

मामांनी घसा खाकरला. “न्यायासन जागचं हलत नाही. साक्षीदार येतील. पहिला साक्षीदार, कॉम्प्युटर!”

टिचकीने पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे बघा, दोन तक्ते आहेत. एक गिऱ्हाइकांचा, दुसरा कामांचा. पहिल्यात एका माणसाची एक ओळ. नाव, फोन, दातांचा रंग, काय दुखतं ते. दुसऱ्यात एका कामाची एक ओळ. कामाच्या ओळीत माणसाची सगळी कुंडली परत मांडत नाही मी. फक्त त्याची खूण लिहिते. खुणेवरून पहिल्या तक्त्यात माणूस सापडतो. या खुणेला म्हणतात प्रायमरी की.”

“आणि ही खूण म्हणजे माणसाचं नाव?”

“नाव कसं चालेल? एकाच नावाचे दोघे असले की एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात.”

“मग फोन?”

“नवराबायकोत एकच फोन असतो, मामा. आणि तो नवऱ्याच्या खिशात असला तरी चालतो बायकोच्या हुकमाने.”

“मग?”

“खण नंबर!” टिचकी म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं. एका खणात एकच साचा, म्हणजे दोघांची खूण कधी एक होत नाही. आणि खणाशिवाय गिऱ्हाईकच नाही, म्हणजे खुणेची जागा कधी रिकामी राहत नाही. प्रायमरी कीला आणखी काय लागतं?”

मामांनी मान डोलावली. न समजलेल्या गोष्टीला ते सावकाश मान डोलवत आणि समजलेल्या गोष्टीला त्याहून सावकाश. या वेळी त्यांना खरंच समजलं होतं, आणि कुठेतरी काहीतरी टोचतही होतं. (ते खुर्चीत जरा सरकले.)

“आता सांग, निवेदकांची ऑर्डर कधी आली?”

टिचकीने बोटं चालवली. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा चालवली.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “निवेदकांनी ऑर्डर दिलेलीच नाही.”

३

“दिलेली नाही कशी?” आत्या स्टुलावरून ताडकन उठली. “इथे, या दारात, माझ्यासमोर उभे होते ते! दात नव्हते तोंडात. तरी हसले. मीच तर ऑर्डर घातली!”

“आत्या, तक्त्यात एकच काम आहे. नवी कवळी, जुन्या साच्यावरून, खण बावीस. आणि खण बावीस म्हणजे,” टिचकीने दुसरा तक्ता उघडला, “शिंपीणबाई.”

“मांडणीत काय आहे बावीसला?” मामांनी विचारलं.

टिचकीने जाऊन साचा काढला. त्याच्या बुडावर मास्तरांच्या अक्षरात कोरलेलं होतं : शिंपीणबाई.

सगळे खिडकीकडे वळले. शिंपीणबाईंचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच होतं. मामांनी बसल्या जागेवरूनच हाक मारली, आणि त्या हाकेने दोन सायकली थांबल्या.

“काय हो?” शिंपीणबाई मशीनवरूनच ओरडल्या.

“तुम्ही नवी कवळी सांगितली होती का?”

“मी? कशाला? आहे ती काय गंजली?” आणि त्यांनी हातातल्या शर्टाचा दोरा दातांनी कट्‌कन तोडला. “मास्तरांनी अशी केलीय की कात्री विकून टाकली मी!”

मामांनी डबीतली कवळी उन्हात धरली. समोरच्या दोन दातांत एक बारीक फट होती.

“ही फट?”

“दोरा धरायला,” पॉलिशवाले अण्णा मशीनच्या पाठीमागून म्हणाले. अण्णा रुसलेले होते. कॉम्प्युटर आल्या दिवसापासून ते रुसलेलेच होते. “बाईंच्या अस्सल दातांत तशी होती. मास्तरांनी कवळीतपण ठेवली. निवेदकांची शिटी तिथूनच निघते.”

“तुम्ही पॉलिश करताना ओळखलं नाही?”

“मी चकाकी देतो साहेब, ओळख पटवत नाही. कामाच्या चिठ्ठीवर नाव असतं तर बोललो असतो. पण चिठ्ठीवर नुसता नंबर.”

“नाव लिहिलं की तुम्ही गावभर सांगत फिरता, कुणाचे दात खोटे ते,” आत्या म्हणाली.

“गावाला माहीत असतंच,” अण्णा शांतपणे म्हणाले. “मी फक्त दुजोरा देतो.”

प्रकरण असं होतं तर. कॉम्प्युटर म्हणतो, ऑर्डर शिंपीणबाईंची. शिंपीणबाई म्हणतात, मी दिलीच नाही. आत्या म्हणते, दिली निवेदकांनी. तिघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि मामांना त्रास होत होता तो याचा, की तिघांचेही चेहरे खरे वाटत होते. कॉम्प्युटरचासुद्धा.

“आता मास्तरांना बोलवा,” ते म्हणाले.

“मी इथेच आहे,” टेबलाखालून मास्तर म्हणाले. “मेण शोधतोय.”

४

“भाऊजी, चिठ्ठीवर बावीस होतं. तुमच्या मनात काय आलं, ते सांगा. निकाल मी देईन, तुम्ही नको.”

मास्तर टेबलाखालून निघाले, गुडघे झटकले आणि बाकड्यावर बसले.

“मनात आलं, बावीस म्हणजे निवेदक. हे मला कधी पडद्यावर बघावं लागत नाही. मांडणी पाठ आहे माझी.”

“मग?”

मास्तरांनी आपले हात पुढे धरले. बोटांच्या पेरांत प्लास्टर कायमचं मुरलेलं होतं.

“मग साचा हातात घेतला. हाताला वाटलं, हा निवेदकांचा नव्हे. निवेदकांची टाळू खोल, आवाज घुमतो तो त्यामुळे. ही टाळू उथळ होती. हात म्हणाला, ही शिंपीणबाई. पण खण बावीस! मग वाटलं, आपलाच हात म्हातारा झाला. माणसं विसरायला लागला.” त्यांनी हात खाली घेतले. “हाताचं न ऐकता नंबराचं ऐकलं. आणि केलं काम.”

अण्णांनी मशीन बंद केलं. ते इतर वेळी फक्त जेवायला बंद होई.

“साच्याच्या बुडावर नाव कोरलेलं आहे. उलटून का नाही बघितलंत?”

“स्वतःच्या मुलीला हाक मारण्याआधी तिच्या गळ्यातली चिठ्ठी वाचता का तुम्ही?”

मामांना मुलगी नव्हती, पण मुद्दा मान्य होता. ते डोळे मिटून बसले. अशा वेळी वकील लोक समजत की साहेबांना झोप लागली. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असे. आज मात्र मामा विचार करत होते. आठवण म्हणते, बावीस म्हणजे निवेदक. हात म्हणतो, साचा शिंपीणबाईंचा. एका माणसाच्या दोन साक्षी परस्परविरुद्ध. एक खोटी मानायलाच हवी, असंच कुणीही म्हणेल.

आणि दोन्ही खऱ्या असतील तर?

मामांनी डोळे उघडले. “टिचके, निवेदकांचा साचा आज कुठे आहे?”

टिचकीने पडद्यावर पाहिलं. “खण पाच.”

“पाच?” मास्तर चमकले. “पाच कायम रिकामा असतो! आत्या तिथे चहाचा कप ठेवते!”

खण पाच आत्याच्या स्टुलाच्या अगदी शेजारी होता, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असा. त्यात चहाचा कप नव्हता. साचा होता, आणि त्याच्याखाली इस्त्री केलेला रुमाल अंथरलेला होता.

आत्या एकदम खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

५

“ओल,” आत्या म्हणाली. “बावीसला ओल येते.”

“टिचके, बावीसला हात लाव.”

“खडखडीत आहे, मामा.”

“वाळली असेल.”

“बरं. आणि पाचला रुमाल?”

“धूळ बसते.”

“बाकीच्या साच्यांवर बसत नाही?”

मांडणीतल्या तमाम जबड्यांवर बोटभर धूळ होती. ते सगळे आत्याकडे बघून हसत होते.

मामांचा आवाज मऊ झाला. “आत्याबाई, इथे कुणी आरोपी नाही. नुसता क्रम सांगा.”

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “ते आले. मी ऑर्डर घातली, खण बावीस. तेव्हा ते बावीसलाच होते. ते गेल्यावर वाटलं… एवढा चांगला माणूस, कोपऱ्यात, पंख्याच्या मागे. दुसऱ्या दिवशी इकडे आणून ठेवले. बावीस ओका दिसायला लागला. दादाने विचारलं असतं. म्हणून नजर न जाणाऱ्या वरच्या ओळीतल्या शिंपीणबाईंना तिथे ठेवलं. पण मी लपवाछपवी नाही केली हं! गिऱ्हाइकांच्या तक्त्यात दोघांचे नंबर नीट बदलले. टिचकीने शिकवलं तसं.”

“आणि कामांच्या तक्त्यात?”

आत्याने टिचकीकडे पाहिलं. टिचकीने कपाळावर हात मारला.

“तिथे बावीसच राहिलं! मीच दोन तक्ते एकमेकांना बांधले नव्हते. म्हटलं, खण कोण कशाला बदलेल!”

“मग डबी तयार झाली, वर बावीस लिहिलेलं,” आत्या म्हणाली. “बावीसची ऑर्डर मी यांचीच घेतलेली. दिली उचलून. मला काय ठाऊक!”

इतक्यात दारात निवेदक येऊन उभे राहिले. रुमाल तोंडावर तसाच. सगळं ऐकलं असावं. बाक दाराला लागूनच होता.

“तुमची कवळी पाण्यात पडली कशी, साहेब?” मामांनी अचानक विचारलं.

“सोमवारी वाकलो होतो कठड्यावरून.” दात नसूनही आवाज घुमला. टाळू खरोखरच खोल होती. “बोटीतून कुणीतरी हात केला. हसलो.”

“कुणी?”

निवेदकांनी रुमाल आणखी वर ओढला.

“सोमवारी प्लास्टर आणायला पलीकडे कोण जातं?” मामांनी खोलीला विचारलं.

टिचकीने आत्याकडे पाहिलं. अण्णा मशीनमागून म्हणाले, “दर आठवड्याला ‘कवळी रुततेय’ म्हणून येतात हे. मास्तर बघतात, कुठे साधा ओरखडा नाही. मी कुणाला बोललो नाही हं. एकदोघांना फक्त.”

आत्या लाल झाली. मास्तर आ वासून बहिणीकडे बघत राहिले.

६

निकाल मामांनी बसूनच दिला.

“आरोपी नंबर दोन जागा बदलून तिसऱ्या खुर्चीवर बसला म्हणून आरोपी नंबर तीन होत नाही. माझ्या कोर्टात तरी होत नसे. खण ही माणसाची जागा आहे, ओळख नव्हे. टिचके, तुझी खूण दोन कसोट्यांना उतरली. दोघांत एक नाही, आणि कुणाची रिकामी नाही. तिसरी कसोटी राहिली. ती खूण बदलता कामा नये. जागा बदलते. एखाद्याला कुणी जवळ आणून बसवतं, म्हणून बदलते. त्याला कायदा काय करणार?”

“बरोबर,” टिचकी म्हणाली. तिची बोटं एव्हाना चालू झाली होती. “आता प्रत्येकाला एक कोरा नंबर. त्याला अर्थ काहीच नाही. खण नाही, फोन नाही, वय नाही. कॉम्प्युटर देईल, एकदाच. काम त्या नंबराशी बांधलेलं. खण हा नुसता एक रकाना, आत्याने रोज बदलला तरी हरकत नाही.”

“रोज नाही बदलणार,” आत्या म्हणाली.

“आणि एखादं गिऱ्हाईक गेलं,” मास्तरांनी विचारलं, “तर त्याचा नंबर पुढच्याला?”

“कधीच नाही. नाहीतर पुढच्याची कामं मागच्याच्या नावावर चढतील.” टिचकी क्षणभर थांबली. “एक नंबर मी आईला दिलाय, बाबा. पहिली कवळी तुम्ही तिचीच केली होती ना. तो परत कुणाला मिळणार नाही.”

मास्तरांनी पहिल्या खणाकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. शेवटी ती त्यांची बहीण होती. मग त्यांनी घसा साफ केला, कारण निकालाचा मुख्य भाग अजून राहिला होता.

“भाऊजी. तुम्ही म्हणालात, आठवण तरी गेली किंवा हात तरी गेला. तुमची आठवण म्हणाली, बावीस म्हणजे निवेदक. ऑर्डर घेतली तेव्हा तसंच होतं. हात म्हणाला, साचा शिंपीणबाईंचा. तोही शिंपीणबाईंचाच होता. दोन्ही साक्षी खऱ्या. हलला तो फक्त बावीस. या कारखान्यात सगळ्यात भरवशाची गोष्ट तुमचे हात आहेत. हे न्यायालय त्यांना सन्मानाने मुक्त करत आहे, आणि शनिवारच्या शटरला कायमची स्थगिती देत आहे.”

टिचकी वडिलांच्या गळ्यात पडली. अण्णांनी मशीन चालू केलं, पण रुसून नव्हे. निवेदकांनी रुमाल काढला आणि दात नसलेलं हसू हसले. आत्या म्हणाली, “नवीन कवळीला किती दिवस लागतील, दादा?” निवेदक घाईघाईने म्हणाले, “काही घाई नाही. लागू देत. मी येत जाईन.”

मास्तर मात्र कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी पाचमधला साचा उचलला होता, डोळे मिटून टाळूवरून अंगठा फिरवला होता, आणि चेहऱ्यावर जुनं माणूस भेटल्यासारखं काहीतरी आलं होतं.

“लगेच सुरू करतो,” ते म्हणाले. “फक्त मेण सापडत नाही. तेवढंच एक खटकतंय मामा. मला चांगलं आठवतंय, मी ते मऊ व्हायला उन्हात ठेवलं होतं. खिडकीजवळ. गादीच्या खुर्चीवर.”

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

“म्हणजे तेही बरोबर आठवत होतं,” मास्तर म्हणाले. “मामा, जरा उठता का?”